मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि ताटातून गेलेला चोथा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय निघाला की सगळे मटणावर घसरतात. खरा पक्का पुरावा आहे तो सॉसेज, सलामी, बेकनसारख्या टिकवलेल्या मांसाविरुद्ध: रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ताज्या लाल मांसावरही संशय आहेच. पण आठवड्यातून एकदा रस्सा होणाऱ्या घरात मला जास्त काळजी वाटते ती रोजच्या ताटातून कमी झालेल्या चोथ्याची, म्हणजे फायबरची.

चोथा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचं स्निग्धाम्ल तयार करतात, आणि अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. पिट्सबर्गमधल्या २० आफ्रिकन-अमेरिकनांना आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतल्या २० जणांना दोन आठवडे एकमेकांच्या जेवणाची अदलाबदल करून दिली, तो अभ्यास २०१५ साली छापून आला. अमेरिकनांचा चोथा दिवसाला सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला. ब्युटिरेट वाढलं, अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकनांचं नेमकं उलट झालं. मात्र अमेरिकेतच, गाठी (पॉलिप) काढलेल्या लोकांना चार वर्षं भरपूर चोथा आणि कमी चरबी देऊनही नव्या गाठी कमी झाल्या नव्हत्या. गाठीचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, त्यापुढे चार वर्षं तोकडीच म्हणायची.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ५ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मटकीत साडेचार, १०० ग्रॅम पेरूत आठच्या वर. दोन भाकऱ्या, उसळ आणि पेरू यांतच २२-२३ झाले. उरलेलं पालेभाजी भरून काढते. याउलट १०० ग्रॅम मैद्यात किंवा पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतो. सकाळी चहा-खारी, दुपारी वरणभात, संध्याकाळी वडापाव असा दिवस गेला तर निम्मा आकडाही गाठणं कठीण.

एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि माणूस चार दिवसांत नाद सोडतो. म्हणून दर आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा, सोबत पाणीही. कडधान्य भिजवलेलं पाणी फेका, गॅस करणाऱ्या साखरा बऱ्याच त्यात उतरतात. गव्हाच्या पिठाचा कोंडा चाळून टाकू नका. पेरूचा गाळलेला रस काढलात तर चोथा गाळणीतच राहिला. इसबगोल मळ मऊ करतो, पण जिवाणू त्याला फारसं आंबवत नाहीत. उसळीची जागा तो घेत नाही.

दारू आणि सिगारेट दोन्ही धोका वाढवतात, यात वादाला जागा नाही. पोटाचा घेरही तसाच: पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला.

आणि शौचातून रक्त पडलं की "मूळव्याध असेल" म्हणून घरगुती मलमावर महिने काढतात, ते थांबवा. आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण लक्षणीय आहे आणि तोही असाच रक्त दाखवतो. रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण नसताना कमी झालेलं हिमोग्लोबिन, किंवा आई-वडील-भावंडांत हा आजार, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून तपासणं) विचारा. गाठ सापडली तर बहुतेकदा त्याच वेळी काढता येते.