प्रकरण अकरा : फ्लॅशओव्हरने घात केला

मंडळी, माझ्या रहस्यकादंबरीचं अकरावं प्रकरण आडवं पडलंय. टिंबर मार्केटमधल्या जळक्या गोदामात माझी गुप्तहेर शालनताई फरशीवरचा वेडावाकडा काळा डाग बघून "इथे पेट्रोल ओतलंय" म्हणतात, तो सीन गेला.

घात केला फ्लॅशओव्हरने. बंद खोलीत छताखाली धुराचा थर साचतो. तो साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर पोचला की खालचं सगळं सामान जवळपास एकदम पेटतं. मग फरशीही होरपळते आणि ओतल्यासारखे डाग पेट्रोलचा थेंब नसताना उमटतात. १९९१ साली अमेरिकेत जॅक्सनव्हिलला तपासकांनी मुद्दाम एक घर पेटवून पाहिलं. नुसता सोफा पेटवला, तरी पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर! पेट्रोलचा पुरावा म्हणून काचेवरच्या बारीक तड्यांच्या जाळीवरही माझी भिस्त होती. पण तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं तरी ती जाळी येते.

उरली गणेशखिंडची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. पण आपल्या हवालदाराने नमुना भरलाय साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यातून पेट्रोलची वाफ निसटते, पत्र्याचा हवाबंद डबा हवा. नवव्या प्रकरणात ती पिशवी मी नुसती वातावरणनिर्मितीसाठी टाकली होती, आता तिच्यावर अख्खी उलटतपासणी उभी राहील. त्या आनंदात दुसरा चहा झाला.

तरी प्रश्न तोच: पुरावाच नाही तर शालनताई सिद्ध काय करणार? कथानकाची कार्डं मांडून बसलो. (कार्डं अप्पा बळवंत चौकातलीच घ्या. महागड्या ॲपमध्ये कथानक मांडण्यात राम नाही, एका नजरेत सगळं दिसत नाही.) आणि पॉलिशवाल्याच्या कार्डावर अडकलो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला की तेलाचा हवेशी संयोग होऊन उष्णता तयार होते, आतच कोंडते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेटू शकतो. चपडी (लाख) आणि स्पिरिटच्या पॉलिशला हा गुण नाही. म्हणजे सगळी भिस्त तेलाच्या बिलावर! बिल मालकाच्या डायरीत, डायरी मेहुण्याकडे.

थांबा, हे लिहिता लिहिताच सुचतंय. पहिली आग कुणी लावलीच नाही असं केलं तर? विमा कंपनी मालकावर संशय घेते, म्हणून मालकच शालनताईंना नेमतो. दुसरी आग मात्र खरी लावलेली, पहिलीच्या बातमीचा आडोसा घेऊन. 'तीन आगी, एक माथेफिरू' हा साचा गेला तर जाऊ दे, तसाही मला तो फिल्मी वाटत होता.

कलमही बदललं. कथा २०२५ मधली, त्यामुळे आग लावण्यासाठी जुन्या भारतीय दंड संहितेचं ४३६ नव्हे, भारतीय न्याय संहितेचं ३२६.

आता चौथ्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला घेतोय. टिंबर मार्केटच्या बाजूला राहणाऱ्यांनी एवढं सांगा: पॉलिशवाले संध्याकाळी किती वाजता आवरतात आणि चिंध्या कुठे टाकतात? आगीची वेळ त्यावरून ठरवायची आहे.