सेट इट असाइड

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला पहिल्यांदा आठवला तो 'इट'. 1986 साली नववी ब मध्ये काही मिनिटं मी 'इट' होतो.

इंग्रजीच्या सरांनी तिघांना फळ्यापुढे उभं केलं. एका टोकाला 'सेट', दुसऱ्या टोकाला 'असाइड'. मी वर्गात सगळ्यांत बुटका, म्हणून मी सर्वनाम. सर म्हणाले, "नाम असेल तर मध्ये बसेल, नाहीतर शेवटी बसेल, त्याची मर्जी. सर्वनामानं मात्र मध्येच उभं राहायचं. कुणी 'सेट असाइड इट' म्हणालं, तर ह्या बुटक्याला वर्गाबाहेर काढीन!" चूक दुसऱ्याची आणि शिक्षा मला, ह्या धास्तीनं तो नियम आजतागायत पक्का आहे.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. फ्रेजल व्हर्ब म्हणजे घोकायची यादी, एवढंच ठाऊक. सरांनी यादी दिलीच नाही. "खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बघ. खाणं तेच ना? मग अर्थ कशानं बदलला?" असं विचारून त्यांनी 'सेट'चं शेपूट बदलत नेलं. सेट ऑफ म्हणजे निघणे, सेट अप म्हणजे उभारणे. सेट असाइड म्हणजे पैसे किंवा वेळ बाजूला काढून ठेवणे. त्याचे आणखी दोन अर्थ मधल्या सुट्टीनंतर सांगतो म्हणाले. सुट्टीनंतर मी खो-खोच्या सरावाला गेलो.

हे दोन अर्थ पुढे फार महागात पडले. वकिली सुरू केली तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होतो. एक म्हातारे शेतकरी पक्षकार. बांधाच्या दाव्यात समन्स त्यांना मिळालंच नव्हतं आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांचं न ऐकताच दिलेला निकाल, होऊन बसला होता. समन्स नीट बजावलं नसेल, तर हुकूमनामा झाल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करायला अर्ज करता येतो. तसा अर्ज केला, आदेश इंग्रजीत आला. साहेब बाहेरगावी, म्हणून मीच ऐटीत वाचून सांगितलं, "आजोबा, कोर्टानं निकाल बाजूला ठेवलाय."

आजोबांना वाटलं, निकाल राखून ठेवला, म्हणजे अजून टांगती तलवार. मान खाली घालून एसटीनं परत गेले. तिसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन आले, डोळे तारवटलेले. साहेबांनी आदेश पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, बाजूला काय ठेवला? मोडीत काढला! स्थगिती असती तर हुकूमनामा नुसता थांबला असता. सेट असाइड म्हणजे तो उरलाच नाही." कोर्टाच्या आवारात कुणी त्याचं भाषांतर करतच नाही, 'ऑर्डर सेट असाइड झाली' म्हणतात, शिपायालाही कळतं. (मतभेद बाजूला सारणे हा उरलेला अर्थ मला लग्नानंतर समजला, ते असो.)

आजोबांचा चेहरा खुलला. "म्हंजे जिंकलो न्हवं?"

"नाही आजोबा," मी चाचरत म्हणालो, "दावा आता पुन्हा चालणार. तुमचं म्हणणं ऐकणार, साक्षीपुरावा घेणार, मग निकाल."

आजोबांनी क्षणभर माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिलं. "मग पोरगं बरोबरच बोललं की. बाजूलाच ठिवलाय!"