जर्मनीत नर्सिंगचं अनेर्केनुंग: एजंटच्या हॉलमध्ये जे सांगत नाहीत ते

अनेर्केनुंग म्हणजे आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला जर्मनीत मिळणारी सरकारी मान्यता. ज्यांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे आणि जर्मन भाषा बी-१ पातळीच्या पुढे सरकलीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. "तिकडे पगार किती?" इथूनच सुरुवात असेल तर आधी भाषेचा क्लास लावा, मग या. व्हिसा, विमान, बँकेचं खातं, घर यावर मी काही लिहिणार नाही. ते सगळं बिनबोभाट झालं. जिथे जीव मेटाकुटीला आला तेवढंच सांगते.

पुण्यातल्या आमच्या एजंटचं वाक्य असं होतं: "मॅडम, तिकडे उतरलात की तुम्ही नर्स. अनेर्केनुंग म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी." हॉलमधल्या निम्म्या मुलींनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. प्रत्यक्षात उतरल्यावर मी नर्स नव्हते, मदतनीस होते. बॅजवर तसंच, पगाराच्या स्लिपवर तसंच. मिरजेत रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळला असला तरी इथे औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही.

पैशाचा हिशोब आधीच सांगते, म्हणजे मी एवढी का चिडलेय ते कळेल. जुलै २०२५ मध्ये इथल्या केअर क्षेत्रात किमान पगार मदतनीसाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण नर्सला २०.५० युरो झाला. महिन्याचे १६० तास धरले तर कर कापण्याआधी सातशे युरोचा फरक. एखादा कागद कुणाच्या टेबलावर महिनाभर पडून राहिला की तेवढे तुमच्या खिशातून जातात. एजंटच्या नाही.

रस्ता तसा समजायला सोपा आहे. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि नर्सिंगची मान्यता प्रत्येक राज्याचं आपापलं ऑफिस देतं. बर्लिनमधल्या मैत्रिणीला जे कागद लागले तेच बव्हेरियात लागतील असं धरून चालू नका. त्या ऑफिसला अर्ज करायचा, ते तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाशी ताडून पाहतात आणि बेशाइड, म्हणजे लेखी निर्णय, पाठवतात. त्यात काय काय कमी पडतंय ते लिहिलेलं असतं. बेशाइड उणिवांचा आला म्हणून रडत बसू नका. सरळ समतुल्य ठरलेली एकही भारतीय मुलगी मला अजून भेटलेली नाही. मग उणीव भरून काढायला एक तर कोर्स करायचा, नाहीतर परीक्षा द्यायची. सोबत बी-२ चं सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला आणि चारित्र्याचा दाखला. हे सगळं जमलं की उर्कुंडे, म्हणजे नर्स म्हणवून घ्यायचा परवाना.

आता लुबाडणुकीचं. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून त्यावर लावून घ्यायचं सरकारी स्टिकर.

आमच्याकडून प्रत्येक कागदाच्या अपोस्टिलचे हजारोंनी घेतले. दहावीची मार्कशीट, बारावीची, जीएनएमची तिन्ही वर्षं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, जन्माचा दाखला, सगळ्यांचे वेगवेगळे. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची फी कागदामागे ५० रुपये आहे, हे मला नंतर कळलं. तोही मुद्दा सोडून द्या. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे खरा, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल लागूच होत नाही. इथल्या मान्यता ऑफिसातल्या बाईंनी माझ्या कागदामागचं ते सुंदर स्टिकर बघितलं आणि पान उलटलं. त्यांना हवी होती मूळ कागदाची साक्षांकित प्रत. ती मुंबईच्या जर्मन वकिलातीत मिळते. कोपऱ्यावरच्या नोटरीचा लाल शिक्का बऱ्याच ऑफिसांत चालत नाही. तेव्हा ज्या राज्यात जाणार त्या ऑफिसला स्वतः ईमेल करा, काय हवंय ते लेखी मागवा, आणि त्यांनी मागितलं नसेल तर अपोस्टिलवर एक रुपया घालवू नका. एजंट म्हणेल, "करून ठेवलेलं बरं असतं." त्याला बरं असतं.

नावाचा घोळ हा आपला खास मराठी घोळ. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. कौन्सिलच्या कार्डावर स्वतःचं नाव आधी. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही बदललेलं. जर्मन माणसाच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या बायका झाल्या. माझ्याबरोबरच्या एका मुलीचं वडिलांचं नाव अनुवादात आडनाव होऊन बसलं आणि फाइल तिथेच अडकली. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं गॅझेट दोन्ही पहिल्याच गठ्ठ्यात घाला. अनुवादकाला वेगळ्या कागदावर लिहून द्या: आडनाव हे, स्वतःचं नाव हे, मधलं वडिलांचं. अनुवादाचे पैसे इथे बहुतेक ओळीवर मोजतात, एक ओळ म्हणजे ५५ अक्षरं. म्हणून उगाच सगळं कपाट अनुवादाला देऊ नका. भारतातला अनुवादक चालतो की जर्मन न्यायालयाने शपथ दिलेलाच लागतो, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

आणि आता तो टप्पा. तासांचं पत्र.

जर्मनीतलं नर्सिंगचं शिक्षण म्हणजे २,१०० तास थिअरी आणि २,५०० तास प्रॅक्टिकल, मिळून ४,६००. ताडून बघायचं तर तुमचेही तास हवेत. मार्क त्यांना नकोत, डिस्टिंक्शनचं कौतुक नाही. कुठला विषय किती तास शिकलात, मेडिसिनला किती, सर्जरीला किती, लहान मुलांच्या वॉर्डात किती, मानसिक रुग्णांकडे किती, कम्युनिटीला किती, वृद्धांकडे किती. आणि हे कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रिन्सिपलच्या सहीने.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. क्लार्क म्हणाले, "आजवर कुणी असलं काही मागितलं नाही." मग प्रिन्सिपल मॅडम ट्रेनिंगला. मग इन्स्पेक्शन. मग दिवाळी. माझा भाऊ एसटीने हेलपाटे घालतोय आणि मी इकडे सकाळच्या ड्युटीत आजोबांना ब्रेडला लोणी लावून देत देत त्याचा फोन यायची वाट बघतेय. शेवटी पत्र आलं ते दोन ओळींचं, "सदर विद्यार्थिनीने अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे." त्याचा इथे शून्य उपयोग. पुन्हा हेलपाटे. दुसऱ्या खेपेला तक्ता आला, पण तासांऐवजी आठवडे. तिसऱ्या खेपेला तास आले, पण खालची बेरीज वरच्या आकड्यांशी जुळेना, आणि जर्मन ऑफिसात कुणीतरी खरंच कॅल्क्युलेटर घेऊन बसतं! फाइल परत. सगळ्यात वाईट म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या रकान्यात रेघ. मेडिसिनच्या वॉर्डात आम्ही वर्षभर दुसरं केलं काय? अर्धे पेशंट सत्तरीच्या पुढचे. पण कागदावर ते सगळं मेडिसिनमध्ये गेलं, आणि ती एक रेघ बेशाइडमध्ये उणीव म्हणून छापून आली.

तर कॉलेजवर सोडू नका. तक्ता स्वतः टाइप करा. लॉगबुक आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अभ्यासक्रम समोर ठेवा, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळे रकाने करा, आठवडे कुठेही लिहू नका, बेरीज दोनदा तपासा. मेडिसिनमधले जे तास खरोखर वृद्ध रुग्णांवर गेले ते वेगळे दाखवता येतील का हे प्रिन्सिपलशी समोर बसून बोला. खोटं काही घालू नका, कारण इथून कॉलेजला उलट विचारणा जाऊ शकते. प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि सही. हे सगळं भारतात असताना, नोकरीत असताना, रजा टाकून करा. विमानात बसल्यावर हे काम दहापट अवघड होतं.

आणि गंमत अशी की कदाचित हे तुम्हाला करावंच लागणार नाही. २०२४ पासून अर्जदाराला ही ताडून बघण्याची पायरीच सोडून देता येते. ऑफिसला सांगायचं, मला तुलना नको, थेट कोर्सला किंवा परीक्षेला बसवा. तशीही तुलना करून उणीवच निघणार असेल तर तुलनेसाठी महिने का घालवायचे? हा पर्याय आमच्या हॉलमध्ये कुणी उच्चारलासुद्धा नाही. अनुवादाचं पॅकेज कुणी विकायचं मग? माझं स्पष्ट मत: कॉलेज सहकार्य करणारं असेल आणि अनुभव भरपूर असेल तर तुलना करून घ्या, उणिवा थोड्या निघाल्या तर कोर्स छोटा होतो. कॉलेज आमच्यासारखं असेल तर पायरी सोडा आणि मोकळ्या व्हा.

कोर्स की परीक्षा, यावर मुली तासन् तास भांडतात. कोर्सच्या शेवटी फक्त एक चर्चा असते, नापास व्हायची धास्ती कमी, पण तो लांबतो आणि तोवर पगार मदतनीसाचाच. परीक्षा लवकर संपते, पण नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. भाषेत बोलायला घाबरत असाल तर कोर्स. बडबड्या असाल तर परीक्षा. मी परीक्षा दिली, आणि पास झाल्याच्या खुशीत हे लिहितेय, तेव्हा "परीक्षाच द्या" हा माझा सूर थोडा कमी करून वाचा.

परीक्षेत तोंडी पाऊण ते एक तास, आणि प्रत्यक्ष वॉर्डात खऱ्या पेशंटसोबत काही प्रसंग, प्रत्येक जास्तीत जास्त दोन तासांचा. आपण सलाईन, कॅथेटर, इंजेक्शनं घोकत जातो. ते बघतात दुसरंच. दारावर टकटक केलं का. आंघोळ घालताना अंग झाकलेलं ठेवलं का. आजींना स्वतः हात धुता येत असताना तुम्ही धुतलेत का, म्हणजे मार्क गेले. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात, आणि नर्सने ते करणं म्हणजे कमीपणा असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. ते भारतातच सोडून या. इथे तेच नर्सिंग आहे. उलट शीर शोधून सुई लावणं, ज्यात आपला हात बसलेला, ते बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. तोंडी परीक्षेसाठी दोन गोष्टी पाठ नाही, समजून घ्या: कायद्याने फक्त नर्सलाच राखून ठेवलेली कामं कोणती, आणि बेडसोर, पडणं, वेदना यांवरचे राष्ट्रीय मानदंड काय म्हणतात. पेशंटच्या शुश्रूषेचा प्लॅन लिहायचा सराव हाताने करा, जर्मनमध्ये, घड्याळ लावून.

करारावर सही करण्याआधीचं शेवटचं. नोकरी सोडली तर अमुक हजार युरो परत, असं कलम बहुतेक करारांत असतं. ती रक्कम दर महिन्याला कमी होत जाते असं लिहिलेलं नसेल तर सही करू नका. इथे आल्यावर अडकलात तर 'फेअर इंटिग्रेशन' नावाची मोफत सल्ला केंद्रं आहेत, कामाच्या हक्कांबद्दल ते नीट सांगतात. केरळच्या मुली नोर्का रूट्स या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत 'ट्रिपल विन' योजनेतून येतात, त्यांच्याकडून नेमणुकीची फी घेतली जात नाही, भाषेचा खर्चही उचलला जातो. वॉर्डात त्यांच्या शेजारी उभं राहून आपण लाखांत पैसे भरून आलोय हे आठवलं की कसंतरी होतं. भारतीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. पावती मागा. पावती म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो तिथून उठा.

चारित्र्याचा दाखला १३ युरोला मिळतो. तो आणि डॉक्टरचा दाखला सहसा तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून उत्साहाने आधी काढू नका, निकाल लागला की काढा. उर्कुंडे हातात पडली की त्याच दिवशी स्कॅन करून एचआरला पाठवा आणि पगाराचा गट उर्कुंडेच्या तारखेपासून बदलून मागा, लेखी. ते गोड बोलून पुढच्या महिन्यापासून म्हणतील. तारखेपासूनच मागा.