तुम्ही विचारलेत म्हणून: खाडीच्या पाण्याचे काय झाले

दर गणपतीत गावी गेले की आरतीनंतर कोणीतरी विचारतेच, ‘अगं, तू समुद्राचं पाणी गोड करणार होतीस, त्याचं काय झालं?’ ‘काम चालू आहे’ असे म्हणून मी इतकी वर्षे प्रसादाची वाटी पुढे सरकवत आले. यंदा लिहूनच सांगते.

पाणी गोड झाले होते. हे आधी सांगते, कारण ते झालेच नसणार असे विचारणाऱ्याच्या स्वरात गृहीत धरलेले असते. पॉलिमरच्या द्रावणाला 15-20 किलोव्होल्ट विद्युतदाब देऊन सुईच्या टोकातून ओढलेल्या, केसाहून शेकडो पट बारीक तंतूंचा कागदासारखा पापुद्रा मी बनवत असे. यालाच इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. त्याच्या एका बाजूने 60 अंशांचे खारे आणि दुसऱ्या बाजूने 20 अंशांचे शुद्ध पाणी खेळवले, की पीव्हीडीएफ हे पॉलिमर पाण्याला जवळ करीत नसल्यामुळे पाणी छिद्रांत शिरत नाही. फक्त वाफ पलीकडे जाते आणि मीठ मागे राहते. पापुद्र्यात 80 टक्क्यांहून अधिक पोकळीच असते, म्हणून वाफेला वाट मोकळी मिळते. समुद्राच्या पाण्यासाठी आरओला (दाबाने पाणी पडद्यातून ढकलून मीठ गाळणाऱ्या पद्धतीला) लागणारा 55 ते 70 बारचा दाब इथे लागत नाही, आणि आरओने टाकून दिलेल्या अतिखाऱ्या पाण्यावरही ही रीत चालते. माझ्या प्रबंधातले आलेख खरे आहेत.

फक्त ते 24 तासांपाशी थांबतात. आणि त्यांतले ‘समुद्राचे पाणी’ म्हणजे शुद्ध पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ.

प्रबंध संपत आला होता, तेव्हा बाबा डोळे दाखवायला पुण्याला आले आणि येताना आपल्या जेटीवरून खाडीच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन आले. मी मागितले नव्हते. त्यांना ते यंत्रात घातलेले बघायचे होते. सर नको म्हणाले. मीच हट्ट धरला, कारण मला खात्री होती. पाणी गाळून घेतले, पंप सुरू केला, बाबांना स्टुलावर बसवले. गोड बाजूच्या पाण्याची विद्युतवाहकता (मीठ आले की ती वाढते) मोजणारा मीटर पहिले दोन तास 4 मायक्रोसीमेन्स दाखवत होता. मग 9 झाले, मग 31. चौथ्या तासाला आकडा 400 च्या पुढे गेला, म्हणजे खारे पाणी सरळ पापुद्र्यातून पलीकडे जात होते. बाबांनी विचारले, ‘वाढतोय, म्हणजे चांगलंच ना?’ मी हो म्हटले.

जेटीवर होड्यांचे डिझेल सांडते आणि घरांचे साबणाचे पाणी खाडीतच येते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटनच्या आसपास असतो, साबणाने तो निम्म्याहूनही खाली येऊ शकतो, आणि मग जे पाणी छिद्राच्या तोंडाशी अडत होते ते आत शिरते. सर्वांत मोठे छिद्र आधी हार मानते, आणि माझ्या पापुद्र्यात तंतू पडतील तसे पडत असल्याने मोठी छिद्रे होतीच. धुऊन, वाळवून पाहिले. आत मीठ बसले होते.

प्रबंधात यावर एकच वाक्य आले: ‘प्रत्यक्ष पाण्यावर अधिक अभ्यास आवश्यक आहे.’ तेव्हाची मी म्हणेन की माझा प्रश्न वाफेच्या वहनाचा होता, खाडीचा नव्हता. तिचे म्हणणे चुकीचे नाही. पण विषय निवडताना दिलेल्या मुलाखतीत आपल्या विहिरींचे मचूळ पाणी तिनेच सांगितले होते, त्याचे काय, हे ती सांगत नाही.

बाकीच्या अडचणी कमी लाजिरवाण्या आहेत. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2,300 किलोज्यूल उष्णता लागते. ती पुन्हा वापरली नाही तर हजार लिटरला 600 हून अधिक युनिटे होतात, तिथे आरओ 3-4 युनिटांत भागवते. उष्णता उन्हाची किंवा कारखान्यात वाया जाणारी असेल तरच गणित जमते. शिवाय एका सुईतून तासाला जेमतेम एक मिलिलिटर द्रावण जाते, त्यामुळे वहीच्या पानाएवढा पापुद्रा बनायला दहा-बारा तास लागतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढला की तंतूंचा पोत बदलतो तो वेगळाच.

कोरियात 2021 मध्ये दुपदरी तंतूंचा, आत सिलिका एरोजेल हा अतिशय हलका, सच्छिद्र पदार्थ घातलेला पापुद्रा सलग 30 दिवस ओला न होता चालल्याचे प्रसिद्ध झाले. ते वाचून मी पुन्हा सुईपाशी बसले. सध्याचा तुकडा अकरा दिवस चालू आहे आणि मीटर 5 वर आहे. त्यात अजून मिठाचेच पाणी आहे.