अरबी साच्यात लॅटिन शब्द ओतताना

दाखल, दाखला, दखल. तिन्ही शब्द द-ख-ल या एकाच अरबी धातूचे. मराठीने शब्द घेतले, पण ते घडवणारा साचा, म्हणजे धातूची व्यंजनं तीच ठेवून मधले स्वर बदलण्याची रीत, घेतला नाही. दाखल्याचं अनेकवचन आपण दाखले करतो, कांद्याचं कांदे करतो तसंच. अरबीतून निघालेल्या, माल्टा बेटावरच्या माल्टी भाषेत उलटं घडलं. तिथे इटालियन वळणाचे शब्द अरबी साच्यात गेले: स्तोरिया (गोष्ट) चं अनेकवचन स्तेय्येर, काम्रा (खोली) चं क्मामार. अरबी आणि रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषा मिसळून नवी भाषा रचायची, तर आधी हे ठरवायला हवं की व्याकरणाचा कुठला भाग कोणाकडून येणार. नुसते अर्धे अर्धे शब्द वाटून घेतले की शब्दकोश भरतो, पण वाक्य कसं करायचं ते कळत नाही.

यासाठी मला ट्युनिशिया सर्वात योग्य वाटतो. तिथलं जुनं रोमन शहर कार्थेज 698 मध्ये अरबांकडे गेलं. तरीही बाराव्या शतकात भूगोलकार अल-इद्रिसी गफ्सा गावात आफ्रिकी लॅटिन बोलली जाते असं नोंदवतो. ती बोली जगली असती तर कशी दिसली असती, हा प्रश्न धरून चाला.

सुरुवातीला 200 लॅटिन शब्द पुरेत. आफ्रिकेतल्या लोकांना ऱ्हस्व-दीर्घ स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, असं उत्तर आफ्रिकेतल्याच संत ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे. म्हणून स्वर पाचच ठेवा. शब्दाच्या शेवटचा म गाळा, व चा ब करा. क मात्र सार्डिनिया बेटावरच्या सार्डिनियन भाषेसारखा कडक राहू द्या: केंतुम (शंभर) चं केंतु, सेंतु नव्हे. हे सगळे बदल उरकल्यावरच अरबी शब्द आत घ्या. क्रम चुकला तर अरबी कलमचाही म गळतो आणि कल उरतं.

अरबीत प नाही, म्हणून पुढचा बदल प चा ब. इथे पहिली टक्कर होते. विनुम (वाइन) आणि पिनुम (पाइनचं झाड) दोन्ही बिनु होतात. अशा जोडीतला एक शब्द सोडून द्या आणि त्या जागी अरबी आणा, जसं पाइनसाठी सनौबर. उसना शब्द आणायला असं कारण असलं की तो भाषेत मुरलेला वाटतो.

अल या अरबी उपपदाचाही (इंग्रजीतल्या the सारखं) निर्णय एकदाच घ्यावा लागतो. स्पॅनिशने बरेच शब्द अलसकट उचलले: आल्गोदोन (कापूस), असूकार (साखर). साखरेत ल दिसत नाही, कारण अरबीतल्या 14 व्यंजनांपुढे अलचा ल त्या व्यंजनासारखाच होतो. इटालियनने तेच शब्द अलशिवाय घेतले: कोतोने, झुक्केरो. सिसिली ट्युनिशियाच्या समोरच आहे, त्यामुळे मी अल गाळण्याच्या बाजूने आहे.

खरी गंमत अनेकवचनात. फक्त तीन व्यंजनांच्या नामांना साचा लावा. मधे उ-उ घातला की फुर्नु (भट्टी) चं फुरुन, बोर्ता (दार) चं बुरुत. पण बोर्तु (बंदर) चंही बुरुतच होतं, कारण साचा मूळचे स्वर पुसून टाकतो. एकाला लॅटिन अनेकवचन ठेवा: बोर्तास म्हणजे दारं, बुरुत म्हणजे बंदरं. 200 पैकी 40 नामांना साचा लावला तरी कानाला अरबी वळण जाणवतं. सगळ्यांना लावला तर अर्थ ओळखू येईनासे होतात. क्रियापदांची रूपं मी लॅटिनच ठेवेन. दोन्ही यंत्रणा एकदम चालवल्या की वाक्यातला कर्ता सापडत नाही.

लिपी अरबी घेतली तर ए आणि ओ अडतात, कारण तिच्यात त्यांना वेगळ्या खुणा नाहीत. स्पेनचे मोरिस्को (ख्रिस्ती व्हावं लागलेले तिथले मुसलमान) अरबी लिपीत स्पॅनिश लिहीत, तेव्हा ए साठी फतहा या अ च्या खुणेपुढे अलिफ हे अक्षर जोडत. ही युक्ती जशीच्या तशी घ्या. ओ आणि उ मात्र ते एकाच दम्मा या खुणेने दाखवत. आपल्या भाषेत उ साठी नुसता दम्मा आणि ओ साठी दम्मा अधिक वाव हे अक्षर ठेवलं, तर बोर्ता आणि बुरुत पहिल्याच अक्षरात वेगळे वाचता येतात.