आठ मिनिटं काहीही करायचं नाही

"डोळे उघडे ठेवा, समोरच्या अधिकच्या खुणेकडे बघा, हलू नका, झोपू नका. बाकी काहीच करायचं नाही."

एमआरआयच्या नळकांड्यात मी उताणी पडले होते. कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कोंबलेल्या उश्या. एका संशोधनासाठी स्वयंसेवक हवे होते, मी नाव दिलं होतं. आठ मिनिटं नुसतं पडून राहायचं, म्हणजे चैनच की, असं मनात येतंय तोवर मशीन ठकठकायला लागलं. आणि अर्ध्या मिनिटात मी 'मरणास'पाशी पोचले.

हे 'मरणास' सांगायला हवं. मी मुद्रितशोधक आहे, सव्वीस वर्षं हेच करतेय. सोळा वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत 'आईच्या स्मरणास' असं हवं होतं. अर्धा स गळला. अख्खी आवृत्ती 'आईच्या मरणास' अशी छापून, बांधून बाहेर पडली. लेखकांनी फोनवर एवढंच विचारलं, "शेवटचं प्रूफ तुम्हीच बघितलं होतं ना?" मी हो म्हणाले. मग बराच वेळ दोघंही गप्प.

चूक कशी राहिली तेही मला ठाऊक आहे. प्रूफ वाचताना अर्थात शिरायचं नसतं. अर्थात शिरलात की नसलेलं अक्षर डोळा स्वतःच भरून घेतो. त्या दिवशी मी अर्पणपत्रिका वाचून हळवी झाले होते, बस्स.

मधली काही वर्षं ही गोष्ट पार विसरले होते. मग नैराश्याचा आजार आला, त्याला या चुकीचं निमित्त अजिबात नव्हतं, पण आल्या आल्या त्याने हीच फाइल उघडली. पहाटे तीनला जाग यायची आणि तो फोन पुन्हा सुरू व्हायचा. इंग्रजीत याला रुमिनेशन म्हणतात. आपल्याकडे रवंथ हा नेमका शब्द आहे. फरक इतकाच, की गाईला रवंथ करून पचतं.

बरी झाल्यावर मी या विषयाच्या मागे लागले. त्या नळकांड्यात काय मोजतात, तर मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण कसं वरखाली होतं ते. ही हेलकावणी फार संथ असते, एका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त लागतात. लांब लांबचे दोन भाग एकाच तालात वरखाली होत असतील तर ते एका नेटवर्कचे, असं धरतात. १९९५ मध्ये भारत बिस्वाल या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस हातपाय न हलवता पडलेला असतानाही हाताची हालचाल सांभाळणारे डावे-उजवे भाग एका तालात चालतात. हा श्वासाचा, नाडीचा गोंधळ असणार, अशी शंका लोक बरीच वर्षं घेत राहिले.

मला जास्त भावली ती मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राईकल यांची गोष्ट. प्रयोगात माणसाला एखादं काम दिलं की मेंदूचे काही भाग जागे होतात, हे अपेक्षितच होतं. पण काही भाग काम सुरू होताच मंदावतात आणि काम संपलं की पुन्हा वर येतात. म्हणजे 'काही न करताना' ते कशात तरी गुंतलेले असतात. २००१ मध्ये राईकल आणि सहकाऱ्यांनी याला डिफॉल्ट मोड म्हटलं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण खर्च २० टक्के ऊर्जेचा, आणि एखादं काम दिल्याने तो खर्च जेमतेम थोडासा वाढतो. आठवणी, उद्याचे बेत, 'मी कशी आहे', 'ते मला काय म्हणत असतील' हे सगळं या नेटवर्कच्या वाट्याचं. थोडक्यात, माझा तीन वाजताचा कारभार.

त्याच्यासमोर असतं हातातलं काम धरून ठेवणारं नेटवर्क, माझं पोट ज्यावर चालतं ते. आणि तिसरं, सेलियन्स नेटवर्क. २००७ मध्ये विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं ओळखलं. आत्ता कशाकडे बघायला हवं, हे ते ठरवतं. त्यातला इन्सुला नावाचा भाग छातीतली धडधड, पोटातला गोळा, असल्या आतल्या खबरीही घेतो. विनोद मेनन यांनी २०११ मध्ये मांडलं, की हे तिसरं नेटवर्क पहिल्या दोघांमधली अदलाबदल घडवतं आणि अनेक मानसिक आजारांत या तिघांचं आपसातलं गणित बिघडलेलं असतं.

वाचून मला हायसं वाटलं. माझ्या मनात घाण साचलेली नव्हती, रेल्वेच्या रुळांचा बदलतो तसा सांधा फक्त बदलत नव्हता. पण मुद्रितशोधकाची खोड, पुढचं पानही वाचलं. नैराश्यात डिफॉल्ट मोडमधले दुवे, म्हणजे त्यातल्या भागांचं एका तालात चालणं, वाढतात, असं आधीचे बरेच छोटे अभ्यास सांगत होते. २०१९ मध्ये चीनमधल्या १,३०० रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा, आजार पुन्हा पुन्हा झालेल्यांत ते दुवे उलट कमी निघाले. त्यामुळे 'मेंदूचं वायरिंग बदला' म्हणून कोणी काही विकायला लागलं की मी लगेच उठते. शिवाय मोजणीही नाजूक, माझं डोकं चुकून मिलिमीटरच्या अंशाइतकं हललं तरी खोटे दुवे दिसतात म्हणे. त्या उश्या त्यासाठी होत्या.

मला गुण आला तो औषधांनी आणि समुपदेशकबाईंनी. फोनची गोष्ट मी कितव्यांदा तरी सांगत असताना त्यांनी विचारलं, "यात आज नवीन काय आहे?" काहीच नव्हतं. मग त्यांनी सुचवलं, की हे सुरू झालं की लक्ष बाहेर लागेल असं काहीतरी हातात घ्या. मला धंद्यातलीच युक्ती आठवली. प्रूफ फार सवयीचं झालं की आम्ही ते उलटं वाचतो, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. अर्थ तुटतो, नुसती अक्षरं उरतात. तीन वाजता दिवा लावून मी एखादं पान असं उलटं वाचायचे. कधी दहा ओळींत सुटका व्हायची, कधी दोन पानं वाचूनही नाही.

ठकठक थांबली. बाहेर काढल्यावर एका मुलीने फॉर्म दिला: मशीनमध्ये असताना मनात काय काय आलं? 'भूतकाळातील घटना' यापुढे मी 'बहुतेक वेळ'वर खूण केली. खालचा प्रश्न होता, 'विचारांची पूनरावृत्ती किती वेळा झाली?'

पु ऱ्हस्व हवा होता. मी पेन मागून घेतलं, दीर्घ उकार खोडला, समासात ऱ्हस्व लिहिला आणि मग उत्तर.