आपल्याच अंगणातलं गवत

अमेरिकेत नवं घर घेतलेले विचारतात, आणि भारतातून आलेले त्यांचे आईवडील तर हमखास: 'घर तुमचं, अंगण तुमचं, मग गवत किती वाढू द्यायचं हे ठरवणारं शहर कोण?' परवा पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहिते.

शहर ठरवतं. ह्यूस्टनमध्ये 9 इंच, शिकागोत 10, डॅलसमध्ये 12. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, तिचे नियम त्याहून वेगळे. एकाने सोडलं म्हणून दुसरा सोडत नाही. फुटपाथ आणि रस्ता यांमधल्या पट्टीचं गवतही बहुतेक ठिकाणी तुम्हीच कापायचं.

'तासाभराचं काम, कापून टाका की,' असं पूर्वी मीही ऐकवायचे. फ्लोरिडातल्या डनेडिनचा खटला वाचल्यापासून तसं म्हणवत नाही. तिथे मर्यादा 10 इंच. 2018च्या उन्हाळ्यात एक निवृत्त गृहस्थ आई गेल्यानंतरची निरवानिरव करायला साउथ कॅरोलायनात होते. गवत कापायला माणूस ठेवला होता, तो मध्येच वारला. तिकडे दंड रोज 500 डॉलरने चढत राहिला. आधी एकदा नियम मोडल्याची नोंद होती, आणि फ्लोरिडाच्या कायद्यात पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा घडला तर दुरुस्तीची मुदत देण्याचं बंधन शहरावर नाही. रोजच्या दंडाची कमाल मर्यादाही 250वरून 500 डॉलरवर जाते. आकडा 30 हजारांच्या आसपास पोचला. 2019मध्ये शहराने घर जप्तीच्या कारवाईला मंजुरी दिली. दंड अवाजवी आहे, हा त्या गृहस्थांचा दावा 2021मध्ये फेडरल कोर्टाने फेटाळला, पुढच्या वर्षी अपील कोर्टानेही.

गवतासाठी घर! पण नियमच नकोत, असंही मला म्हणता येत नाही. शेजारचं घर वर्षभर बंद पडलं आणि कुंपणातून उंदीर यायला लागले की आपणच शहराला फोन लावतो.

नोटीस आलीच तर तारीख बघा. साधारण सात ते दहा दिवस मिळतात. ते उलटले की शहर कंत्राटदार पाठवतं, बिलावर प्रशासकीय शुल्क लावतं, आणि थकलं तर घरावर बोजा चढवतं. फूटभर वाढलेलं गवत एकदम तीन इंचांवर आणू नका: मोअर तुंबतो आणि खालचे पिवळे दांडे उन्हात करपतात. कोरड्या दिवशी आधी ट्रिमरने निम्मं उडवा, दाताळ्याने ओढून घ्या, मग मोअर सर्वांत उंच खाचेवर. नोटिशीपुरतं काम तिथेच होतं. तीन इंच तीन-चार दिवसांनी. तारखेसह फोटो काढा आणि फेरतपासणी स्वतःहून मागा.

'आम्ही मुद्दाम रानफुलं लावलीत' हा बचाव मिनेसोटात 2023पासून चालतो, पण तिथेही नुसतं न कापलेलं लॉन त्यात बसत नाही.

आणि पाच आठवडे भारतात जाणार असाल, तर गवत कापणारे दोन ठरवून ठेवा. शेजाऱ्यांना टपाल नुसतं गोळा करायला नको, उघडून वाचायलाही सांगा.